उजवीकडचा लॅपटॉप

...नाही जी काकाजी, पाठीवरून हात फिरवून नाही समजत त्याचं — बैल हाये का थो? दोन्ही लॅपटॉप एकाच कंपनीचे, दिसाले सारखे, फक्त उजव्यातला प्रोसेसर जरासा जास्त पळते. जरासा! किती म्हंजे? तुमी तंबाखूले चुना लावेपर्यंत हा डावा सुरू होते, अन् उजवा — उजवा तुमी चुन्याची डबी उघडेपर्यंत. एवढाच फरक. त्याच्यासाठी वरचे नऊ हजार काहून देता? तुमच्या प्रणालीले कॉलेजचे अहवाल लिवायचे, पिकाचे फोटो लावायचे, मास्तरचं लेक्चर पाहायचं. तेल्हाऱ्यावरून रॉकेट थोडीच सोडायचं हाये!

हो, हो, समजलं, खुशालरावची पोरगी मागं नाही पडली पाहिजे — तिसऱ्यांदा म्हणून राहिले तुमी. यंदा बोंडअळीनं अर्धा कापूस खाल्ला, तरी ऐट पाहा तुमची! मले काय, मी दुकान मांडून बसली, महाग विकला तर माहाच फायदा, अन् सबीहाले फायदा नको असं या जुन्या शहरात कोणी म्हणनार नाही. पण तुमीच पाहा ना. शर्यतच लावू. या, इथं उभे राहा, काउंटरले टेकून. हे दाबलं बटन — पडद्याकडे पाहा, माह्याकडे नाही — झालं. सांगा आता, कोणता आधी लागला?

उजवा? पक्कं?

काकाजी, उजवा मी सुरूच नाही केला. थो काळाच हाये अजून.

हसा, हसा, मीबी हसते. मस्करी केली जी. पण पोट्टी बरोबरच सांगत होती — कोण पोट्टी? कोणी नाही. चहा सांगू का? कमी साखरेचा? ...असे पाहू नका ना माह्याकडे. अब्बानं चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केली, रुमालाखाली बोटं दाबून ठरलेला आकडा कधी त्यांच्या तोंडातून बाहेर पडला नाही, अन् मी — या अल्ला, माहं तोंड! बरं, ऐका मंग. प्रणाली काल आली होती, एकटी. दुकानात गिऱ्हाइकं उभी, म्हणून तिनं माह्या ओढणीखाली हात घातला अन् बोटं दाबली — आधी पाच, मंग चार — पक्क्या दलालासारखी. तुमीच शिकवलं ना तिले? मंग भोगा आता. कानात म्हणे, सबीहादीदी, बाबा महागाचाच मांगतील, तुमी काहीबी करा पण स्वस्ताचाच त्यांच्या गळ्यात घाला. हे नऊ हजार त्यांच्या मोतीबिंदूले पाहिजेत. विचारलं का म्हणतात, डोळ्यात धूळ गेली. दिवाळीपासून धूळच जाऊन राहिली का जी तुमच्या डोळ्यात? अन् फवारणीच्या औषधाच्या बाटल्या वास घेऊन वळखता म्हणे! हे सांगताना रडली ती, इथंच, या स्टुलावर. मले त्या वासाचंच भेव वाटते, काकाजी. रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

नाही, तिच्यावर रागवू नका. रागवायचं तर माह्यावर रागवा, सौदा मी फोडला. तिले बिचारीले काही माहीत नाही. तुमीच तिले म्हटलं ना, तू रस पी, सौदा मी करतो? बसली ना मंग समोरच्या रसवंतीत — रस कवाचाच संपला, आपल्याकडेच पाहून राहिली. रस्ता तरी केवढासा, दोन ऑटो नाही मावत. हात हलवते पाहा, पिवळी ओढणी... हलवा ना तुमीबी.

तिकडं नाही जी. थो उसाचा भारा हाये.

...

बसा. बसा, काकाजी. डावा बांधून ठेवते. तुमी उठू नका — मीच आणते तिले.