फोकस कुणावर?

गंगापूर रोडवरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात माझ्यापुढे साठीतलं एक जोडपं उभं होतं. काकांना पहिला मिररलेस कॅमेरा घ्यायचा होता.

"इंदिरा, नवी लेन्स कशाला? माझ्या जुन्या कॅमेऱ्याची आहे की. मधे अ‍ॅडॅप्टर लावला की बसते."

"बसेल काका," दुकानदार म्हणाला, "पण ऑटोफोकस चालणार नाही. फोकस हातानंच करावा लागेल."

"मग? आयुष्यभर हातानंच केलाय."

"केलाय ना. लग्नानंतर त्र्यंबकला गेलो होतो, ते फोटो बघा. सगळ्यांत माझी बहीण स्पष्ट आणि मी धूसर."

"तू हलत होतीस."

"प्रत्येक फोटोत?"

"अगं, यशश्री जरा पुढे उभी होती, एवढंच."

"अहो, ती माझ्या मागे होती."

काका अ‍ॅडॅप्टर उलटसुलट करून बघू लागले.

"दादा, नवी लेन्स घेतली तर कॅमेरा माणूस ओळखेल?"

"हो काकू. चेहरा नोंदवून ठेवला, की गर्दीतही आधी त्याच्यावरच फोकस करतो."

"मग नवीच द्या. आणि माझा चेहरा आत्ताच नोंदवा."

"अजून कुणाचे नोंदवायचेत? बरेच बसतात."

"नको, माझा एकच पुरे. बाकीचे यांच्या लक्षात आहेत."