दिवाणाचा चेहरा

जयवंताबाईंच्या डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या पांढुरक्या झाल्या होत्या, हे नालवाडीच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या इलाच्या लक्षात आलं. पलीकडे त्यांचे यजमान, अण्णाजी.

"कालच्या मालिकेत काय झालं, सांगा ना," जयवंताबाई त्यांना म्हणाल्या.

"पोरगी पुन्हा जुन्या काळात गेली. राजाले माराचा कट दिवाणानंच रचला होता."

"दिवाणानं? तुमी तर म्हणत होते, चेहऱ्यानं देवमाणूस हाय!"

"मले तसाच दिसला."

"मी आवाजावरूनच ओळखलं होतं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी एवढ्या हौसेनं सांगून राह्यले होते."

"मोतीबिंदू काढला असता, तर सोताच पाह्यलं असतं. दोन वर्षं झाले टाळून राह्यली."

"भेव वाटते जी."

"मी बाहेरच बसतो ना."

"चला. डॉक्टरले म्हणा, करून टाका आता आपरेशन. तुमच्या डोळ्याचा काई भरवसा नाई."