बाबांचं शून्य

बाबा : परत बोट? चिमे, चाळण केलीस माझ्या बोटांची. तुला स्वतःची बोटं नाहीत का?

लेक : सुई पाहिली की भोवळ येते मला, माहितीये ना तुम्हाला. द्या, शेवटचं.

बाबा : घे बाई. तुझ्या यंत्राच्या डबीला काळं कापड शिवून दिलं, वर रक्तही मीच द्यायचं. आता आत उजेड शिरत नाही ना?

लेक : (थेंब डबीतल्या नळीत सोडत) नाही. छान शिवलंय.

बाबा : मग तोंड का उतरलंय? परत उलटे आकडे?

लेक : आज पहिल्यांदा यंत्र बरोबर चाललं, बाबा.

बाबा : अगं मग रडवेली कशाला होतेस?

लेक : ते चालतं कसं, आठवतंय?

बाबा : पाठ झालंय. रक्ताचा थेंब केसाएवढ्या नळीतून जातो. लिव्हरच्या आजाराचा अंश असला, तर घातलेला रंग चमकतो. डबीतला डोळा ती चमक मोजतो.

लेक : आणि शून्य?

बाबा : निरोगी माणसाची, म्हणजे माझी, चमक ती शून्य. तेवढी सगळ्यांतून वजा. शेजारी सांगून ठेवलंय मी, लेकीचं यंत्र माझ्या मापाचं आहे म्हणून.

लेक : वर्षभर रुग्णांचे आकडे शून्याच्याही खाली यायचे. मी भिंग बदललं, दिवा बदलला. आज सहज तुमच्याऐवजी मैत्रिणीचं रक्त शून्याला लावलं, तर सगळे आकडे जागेवर आले.

बाबा : म्हणजे माझ्याच रक्तात खोट?

लेक : मग तुमचा कालचा थेंब रुग्णांसारखा मोजून पाहिला. तो रुग्णांपेक्षा जास्त चमकला. आणि हा आत्ताचा... हाही तसाच.

(बाबा शिलाई मशीनचा दिवा बंद करतात.)

बाबा : तरीच. पँटची कंबर दोनदा आत घेतली मी. म्हटलं, वय झालं.

लेक : मला का नाही बोललात?

बाबा : तू त्या डबीत बुडालेली. कशाला घोर लावायचा?

लेक : रोज तुमचं बोट माझ्या हातात होतं. आणि मी तुमचं दुखणं वजा करत बसले. तुम्हाला काही होऊ शकतं, हे डोक्यातच आलं नाही माझ्या.

बाबा : कुठल्या लेकीच्या येतं?

लेक : वर्षाआधी कळलं असतं तर...

बाबा : ते राहू दे आता. उद्या जाऊ डॉक्टरकडे. मला भीती वाटतेय, चिमे. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

लेक : मलाही वाटतेय.

बाबा : तुझं रक्त लावून पाहिलंस का त्यात?

लेक : माझं? नाही.

बाबा : का नाही? माझीच लेक ना तू?

लेक : बाबा, आत्ता माझं काय घेऊन बसलात...

बाबा : आत्ताच. बोट पुढे कर, तिकडे बघ. जन्मभर सुईच धरलीये मी, दुखू देणार नाही.