टेकडीवरची नवी चूल

टिंकू : अरे बैठ ना यार दो मिनट. कड्यापर्यंत जाते, वापस येते, फिर कड्यापर्यंत जाते. गवत घासून टाकलं तू.

रंजिता : बसू कशी? सांग ना, कशी बसू? वारा आता चांगला आहे, माह्या गालाले लागून राहिला, समोरून, सरळ समोरून, अन् ऊन चढलं का बिघडते तो. सर खाली मैदानात उभे, मी इथं टेकडीवर हेल्मेट घालून, पट्टे बांधून, पॅराग्लायडरचा पंख गवतावर पसरून, अन् काय तं म्हणे थांब. पुन्हा विचार ना वायरलेसवर.

टिंकू : कितनी बार विचारू? घनश्याम सरचं एकच आहे. वरचा वारा मला खालून दिसला पाहिजे, तरच उडू देईन. पहिली बार वरून उडणार तू. तेरे गाल पे भरोसा नहीं उनका.

रंजिता : अन् काऊन नाही दिसून राहिला वारा?

टिंकू : आता फिर से चालू नको करू.

रंजिता : नाही, बोल. ती लाल-पांढरी बाही गोंदियातून शिवून आणाले कोणाले सांगितलं होतं? वारा दाखवाले खांबावर लावायची साधी कपड्याची बाही. एकीकडून वारा शिरला का दुसरीकडून निघाला पाहिजे. एवढंच.

टिंकू : मी सेवकरामला बरोबर सांगितलं होतं. पण त्यानं जनमभर राइस मिलच्या बोऱ्या शिवल्या ना. बाही हातात आली तर त्यानं मागचं तोंड शिवून टाकलं. दुहेरी टाका. वर से बोलतो, भाऊ, एक दाणा नाही सांडणार.

रंजिता : एक दाणा नाही सांडणार.

टिंकू : इतका खुश होता बिचारा, मी पाहिलंच नाही. इथं आणून खांबावर चढवली तेव्हा समजलं.

रंजिता : अन् मंग ब्लेड घेऊन उसवाले गेलास तं गळ्यापर्यंत फाडलीस. आता पाह्य, वाळत घातलेल्या चड्डीवानी लटकून आहे.

टिंकू : दुहेरी टाका था यार. तुझी ओढणी बांधू का?

रंजिता : सरायले खालून ओढणी दिसते? मी दिसते का नाही ते पहिले विचार.

टिंकू : एक बात बोलू? मारशील नाही ना?

रंजिता : चुलीचं बोलशील तं मारीन.

टिंकू : अरे कँटीनच्या चुलीला धुराडं आहे, लाकडं रचून ठेवलीत. मिलवाल्या मिस्त्रीनं बांधलं, त्याला दुसरं येतच नाही, मिलच्या चिमनीसारखं उंच करून ठेवलं. त्यातून धूर निघाला तर दरेकसा स्टेशनवर चाय पिणाऱ्याला बी दिसेल. सर तो यहीं नीचे हैं.

रंजिता : तं पेटव तू.

टिंकू : मी? मुन्नालाल भाऊनं अपने हाथ से हार घातलाय त्या चुलीला. क्लबचे अध्यक्ष आहेत ते. बोललेत, पाहुणे येतील, सगळ्यांसमोर रंजिताच चूल पेटवणार, फोटो निघणार. मी पेटवली तर मला कड्यावरून फेकतील, बिना पंख के.

रंजिता : तेच तं. तुले समजून नाही राहिलं काय? ग्लायडर ठेवाले शेड बांधली, पाण्याची टाकी बांधली, पायऱ्या केल्या, संडास केले, सगळ्यायचं मी पाहून राहिली होती, म्हटलं आता इथं लोक येतीन, उडतीन, मीबी उडीन. अन् कँटीन बांधून झाली तशा सगळ्यायच्या माना माह्याकडं वळल्या. मी वर्षभर पंख वाहून आणते, घड्या करते, खालच्या टेकाडावरून उड्या मारून मारून गुडघे सोलले, सरच म्हणते पोरीच्या पायात दम आहे. पण मुन्नालाल भाऊले काय दिसलं, गावची पोरगी दिसली, म्हणजे चूल. भिंतीवर नाव टाकलं पाह्य ना. 'रंजिता किचन'. गुलाबी रंगात. मले विचारलं काय कोणी?

टिंकू : त्यांना वाटलं तुझा मान झाला.

रंजिता : सर आज संध्याकाळच्या गाडीनं चालले. पाहुण्यायच्या आधी मी इथून उडली तं ते सगळ्यायसमोर माहं नाव उडणाऱ्यात सांगतीन, मले बोललेत तसे. नाही उडली तं मी अन् ती चूल. एकदा मी तिले काडी लावली अन् फोटो निघाला का झालं टिंकू. जो पेटवीन त्याचीच होते ती.

टिंकू : तो पाला जलाऊ क्या बाजूला?

रंजिता : फॉरेस्टवाल्यायनं जागा देतानीच सांगितलं, टेकडीवर आग फक्त चुलीत. क्लबच बंद करशील तू एखाद दिवशी.

टिंकू : रुक. पायऱ्यांवर कोण आहे? सफेद साडी. रंजिता, तेरी माँ है.

रंजिता : आई? आताच? पाहुण्यायसंगं ये म्हटलं होतं तिले. टिंकू, तिले उडायचं माहीत नाही. पंखाच्या घड्या करते, एवढंच माहीत आहे.

टिंकू : मग हेल्मेट काढ.

रंजिता : अन् पट्टे? अन् हा एवढा पंख कुठी लपवू?

रुक्माबाई : अवो रंजे, किती पायऱ्या केल्या वो यायनं. पाय मोडले माहे. हे काय घातलीस डोक्यावर?

रंजिता : काही नाही. तू बस आई. पाणी देते.

रुक्माबाई : बसाले नाई आलो मी. पयले तुहा किचन दाखव. सारा मोहल्ला विचारून राहिला. नवी परी आनली पाह्य, भात वाढाची, लांब दांड्याची. भात शिजवाचा गंज मोठा असन ना अटी? हाच काय? हे तुहा नाव आहे?

टिंकू : हो काकू. रंजिता किचन.

रुक्माबाई : र… रंजिता. हो. मोठा लिवला. दुरून दिसते.

रंजिता : आई, ऐक ना.

रुक्माबाई : अन् अटी कोन कोन खाईन गा टिंकू? ते मुन्नालाल शेट खाईन?

टिंकू : सगळे खातील काकू. नागपूरचे पाहुणे, क्लबवाले, सगळे.

रुक्माबाई : माह्या पोरीच्या हातचा.

रंजिता : आई, मी नाही रांधणार.

रुक्माबाई : आज नाई? मंग उद्या?

रंजिता : कधीच नाही. मले उडायचं आहे. हे त्याचंच आहे, डोक्यावरचं. तो पंख माह्यासाठी पसरला आहे. मी त्या कड्यावरून धावत जाईन अन् उडीन, अन् तिकडं खाली भोजराजच्या शेतापल्याड, सर उभे आहेत ना, तिथं उतरीन. खालच्या टेकाडावरून किती बार उडली मी. तुले नाही सांगितलं. तू किचनचं सगळ्यायले सांगत फिरून राहिली होती, मंग मी कशी सांगू?

रुक्माबाई : टिंकू, हे खरी बोलते?

टिंकू : खरं आहे काकू. चांगली उडते.

रुक्माबाई : तुह्या आजीले, रंजे, पाटलाघरच्या लग्नात तांदूर निवडाले बलावत. दिवसभर निवडे. डोरे बारीक करून एक एक खडा काढे. अन् आंधन आला, गंजात तांदूर टाकाची वेर झाली, का म्हनत, आता तू बाहेर बस. कच्च्या तांदराले चाले तिचा हात. शिजल्याले नाई.

रंजिता : माहीत आहे आई.

रुक्माबाई : तुले आयकून माहीत आहे. मी तिच्याजवर बाहेर बसली राहो.

रंजिता : मंग त्यायले जेऊ घालाले मी जलमभर चुलीसमोर बसू काय? आजीले बाहेर बसवलं अन् मले आत बसवून राहिले. बसवणारे तेच.

टिंकू : रंजिता, हळू.

रुक्माबाई : बोलू दे तिले.

रंजिता : झालं बोलून.

रुक्माबाई : त्या कड्यावरून पडत नाई ना कोनी?

रंजिता : नीट वारा पाहून उडलं तं नाही पडत.

रुक्माबाई : मंग उडत काऊन नाई? कवाची घोड्यावानी नाचून राहिली अटी. पायऱ्यांवरून पाहून राहिलो ना मी.

टिंकू : वारा दिसत नाही काकू. खालून सरला दिसला पाहिजे. निशाणी फाटली, माझ्यामुळे. आता फक्त चुलीचा धूर दिसू शकतो, पण चूल ही पेटवत नाही. बोलते, जो पेटवेल त्याची चूल.

रुक्माबाई : असा म्हनते हे?

टिंकू : हो.

रुक्माबाई : काडीपेटी कोठी आहे?

रंजिता : आई, तू नको. तू कायले?

रुक्माबाई : काऊन? माह्या हातचा भात तुले कवा कच्चा लागला? गावात तीस घरायचं रांधतो मी जयंतीले. आपलेच तीस. हे बाकीचे कवा खातीन? तुले नाई रांधाचा तं नको रांधू. मले रांधाचा आहे.

टिंकू : काकू, मुन्नालाल भाऊ चिडतील. पाहुण्यांच्या समोर पेटवायची होती.

रुक्माबाई : त्यायले सांग, पाहुने येतवरी भात होते. भुकेला मानूस भात पाह्यते का काडी कोनं लावली ते पाह्यते? हार काढून ठेवतो बाजूले, नाईतं जरन.

टिंकू : और भिंतीवरचं नाव?

रुक्माबाई : राहू दे ना. परक्याचा आहे काय? लाकडं ओली आहेत गा हे.

टिंकू : ओलीच पाहिजेत काकू. जास्त धूर.

(रुक्माबाई आत जाते. भांड्यांचा आवाज. थोड्या वेळानं धुराड्यातून धूर.)

टिंकू : हॅलो सर, टिंकू बोलतोय. धूर दिसतो? हां सर. हां, कड्याकडून मागं, जंगलाकडे. सरळ. नाही सर, आग नाही, चूल आहे. भात लावलाय. हां, सांगतो. रंजिता, सर बोले वारा एकदम सही आहे. तयार हो.

रंजिता : पट्टा पाह्य एकदा. मागचा.

टिंकू : पाहिला.

रंजिता : पुन्हा पाह्य. टिंकू, आई आतच आहे?

टिंकू : नाही. दारात उभी आहे. पळी हातात.

रंजिता : आई?

रुक्माबाई : आहो ना अटीच. धूर पाह्य. माह्याकडं नको पाहू.