नकाशात बुजवलेला तलाव

सुनंदावहिनी, आणि या इमारतीतल्या मंडळींनो,

खाली ओल आहे म्हणून आपण गच्चीवर, पत्र्याखाली जमलो आहोत. खुर्च्याही कमी पडल्या आहेत. मधूला हे आवडलं नसतं. चार माणसं जमली की तो हळूच निघून जायचा. आजही तसाच गेलाय, असं वाटतंय. मी वार्ताहर. दुसऱ्यांच्या शोकसभांच्या बातम्या लिहिल्या. आज स्वतः बोलायचंय.

आम्ही शाळेत एका बाकावरचे. संस्कृतात पाण्याला किती नावं आहेत, ती मला पाठ. पाणी जातं कुठे, हे मधूला ठाऊक. मी त्याला पाण्याचा तलाठी म्हणायचो. तो हसायचा नाही.

त्र्याण्णव साली नौपाड्यातल्या एका कार्यालयात त्याने इथले ओढे कॉम्प्युटरवर काढले. आधी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, एकेक करून गिरवायच्या, त्यातून जागोजागची उंची मिळवायची. मग कुठल्या उताराचं पाणी कुठल्या ओढ्याला मिळेल, हे कॉम्प्युटर सांगणार. पण मध्ये खड्डा आला की पाणी तिथेच अडकतं, ओढ्याची रेघ तुटते. असा खड्डा बहुधा गिरवण्यातली चूक असतो. म्हणून तो आधी भरून टाकायचा. सगळेच भरतात. मधूनेही भरले.

नकाशा पुढे, घरांची आखणी करणाऱ्यांकडे गेला. नंतर मधू ओढे पडताळायला माजिवड्याच्या पलीकडे आला. इथेच. गावातल्या एका म्हातारीला त्याने नकाशा दाखवला. तिने त्यावरून बोट फिरवलं. म्हणाली, "मास्तर, यात आमचा तलाव नाय."

तो खड्डा गिरवण्यातली चूक नव्हती, मंडळी. तलाव होता. नकाशात मात्र सपाट जमीन, आणि त्या जमिनीवर घरांची आखणीही झालेली.

कार्यालयाने सांगितलं, गेलेला नकाशा आता बदलता येत नाही. तेव्हा मधू माझ्याकडे आला. निळ्या पेन्सिलीने काढलेला तलाव, सोबत चार ओळींचा खुलासा. छाप म्हणाला. मी थट्टा केली. खड्डा कॉम्प्युटरने भरला, प्रायश्चित्त तू कशाला घेतोस? तो म्हणाला, "अरे, लोक तिथे घरं बुक करताहेत."

पुढच्या रविवारी बघू, म्हणून मी कागद खणात टाकला. असे किती रविवार गेले?

मग मधूने नौपाड्यातली राहती जागा सोडली आणि इथे तळमजल्यावर घर घेतलं. तुम्ही त्याला विक्षिप्त म्हणालात. मीही म्हणालो. वहिनींनी सामान बांधलं. दर पावसाळ्यात पाणी जिन्याशी यायच्या आत तो तुमची दारं वाजवायचा. याला आधीच कसं कळतं, असं तुम्हाला वाटायचं. मग मला फोन. "आलं रे. दुसऱ्या पायरीपर्यंत." एवढंच. कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

परवा दुपारी पाऊस लागला. मधूला जाऊन दहा दिवस झाले होते. मी फोनजवळ जाऊन बसलो. संध्याकाळपर्यंत बसलो.

तो कागद मी आज आणलाय. मधूने लिहिलंय, ही जागा तलावाची आहे, नकाशात ती माझ्या हातून बुजली, घर घेणाऱ्यांना हे कळावं. मंडळी, तुम्हाला ते कळलं नाही, ते माझ्यामुळे. मधूमुळे नाही.

आता त्याच्यासाठी दोन मिनिटं उभं राहूया. ज्यांना माझ्याबरोबर उभं राहावंसं वाटत नसेल, त्यांनी बसून राहावं. मधू समजून घेईल. मीही.