मेहकरच्या गच्चीवरची भट्टी

हॅलो?… कोण?… जोरात बोल वं, चक्कीपाशी उभी हाये मी, काही ऐकू येऊन नाही राह्यलं… शीला? जय भीम, जय भीम. थांब, जरा तिकडं होतो… हां, बोल आता.

हाव, मीच पाठवला निरोप. नाही म्हणून सांगतलं… काऊन म्हणजे? नाही म्हणजे नाही… अवं ऐक ना… अवं ऐक. तू माही लहान बहीण, तूच आणलं ते स्थळ, तुले वाईट वाटणारच. पण महामाया पोरगी माही हाये.

कारण?… फोनवर सांगू?… एकटी हायेस का घरी?… पक्कं?… मंग मांगं भांडं कायचं वाजलं?… मांजर. बरं.

रविवारी आपण त्या प्रसेनजितचं घर पाहाले गेलो का नाही? आपण पोहे खाऊन राह्यलो होतो, तवा तो आला नमस्कार कराले. आठवते?… काही नाही दिसलं तुले? अवं शर्टाले धुराचा वास. डोये लाल. अन् दोन मिनिटं बसला नाही तं पुन्हा जिन्यानं वरतं. पाहुणे आले घरी, अन् पोराचं ध्यान गच्चीवर. मले तवाच खटकलं. म्हणून मी म्हटलं हात धुऊन येतो…

हाव, मुद्दामच वरतं गेली. घर पाहाले गेली होती ना मी? मंग पाहू नाही काय? भिंतीवरचे फोटो पाहून वापस येऊ?

जिन्याच्या दारातूनच पाह्यलं. त्याची पाठ होती. गॅसचं सिलेंडर. त्याले जोडेल एक लोखंडाची पेटी, अशी गुडघ्याएवढ्या पायावर उभी. वरतं घट्ट झाकण. झाकणावर घड्याळासारखा काटा. फटीतून बारीक बारीक धूर… सांगतो ना, थांब… बाजूले बादली. बादलीत बाभयीच्या ढलप्या भिजू घातलेल्या, सालीसकट. अन् परातीत फोडेल गूळ… गूळ वं, गूळ. बाभयीची साल, गूळ, अन् खाली जाळ. आता तूच सांग शीला, त्याची काय पुरणपोळी होते?

हातभट्टी. दुसरं काय?… हसू नको. मी हसण्यासारखं नाही बोलून राह्यली. गावातल्या भट्ट्या आमी बायाइनं फोडल्या तवा तू शाळेत होती. मी सोता पिंपं पालथे केले हायेत नाल्यात. मले नको शिकवू भट्टी कशी असते ते.

वास?… नाही, दारूचा नाही आला वास. म्हणूनच तं जास्त संशय आला. आयटीआयचा मास्तर हाये तो, वेल्डिंग शिकवते. त्याले झाकण घट्ट बसवता येत नसन काय?

काय म्हणे?… गिरील?… गॅसचं गिरील. ते काय असते?… मासोया? पेटीत मासोया?… अवं मासोया तयतात, भाजतात, कालवण करतात. धूर कायले देते त्याइले?… हाव, आपली माय टांगे चुलीवर, मले नको सांगू. पावसाळ्यात काही भेटे नाही म्हणून टांगे. याले काय कमी हाये? फ्रीज दिसला मले घरात, माणसाएवढा.

अन् गूळ?… गुळामिठाच्या पाण्यात भिजवते. मासोईले. असं… अन् ढलप्या चांदीच्या कागदात गुंडाळून जाळावर ठेवते… अन् त्या धुरात संध्याकायपर्यंत… बरं. हे इतकं बैजवार तुले कोणं सांगतलं?… नाही, मले सांग. तुले गॅसचा चहा धड जमत नाही, अन् तू मले मासोईले धूर कसा द्याचा ते सांगून राह्यली. तुले कोणतरी बाजूनं सांगते.

कोण खोकललं?

शीला, कोण खोकललं? मांजर खोकलते काय?… फोन मोठ्या आवाजात टाकेल हाये ना?… बाप्पा. कवापासून?… पहिलेपासून? म्हणजे भट्टी, पिंपं, समदं ऐकलं त्या प्रसेनजितनं?… नाही, मी काही परत घेत नाही. पाठीमांगं बोलली ते तोंडावर बी बोलीन. दे त्याच्यापाशी… दे म्हटलं.

हॅलो… जय भीम. हां, मीच… काकू म्हणा, चालते… माफी कायची मागता? बसले होते तं बसले. पण असं लपून ऐकणं काही बरोबर नाही… हां. शीलानंच बोलावलं. ते मले समजलंच.

हे पाहा, मासोयाचं म्हणता तं मासोया. एक गोष्ट मले समजत नाही. पाहुणे घर पाहाले येणार, हे तुमाले माहीत. त्याच दिवशी हा उद्योग कायले? एक रविवार नसता केला तं काय बिघडलं असतं?… काय?… ऐकू नाही आलं… दर रविवारी कराच लागते? कराच लागते म्हणजे?

बोला ना… मी सरळ विचारतो. माया घरात या एका गोष्टीनं सारं वाटोळं केलं, म्हणून मी सरळच विचारतो. तुमी पेता काय?

…

हॅलो?

…

पेत होतो, म्हणता.

…नाही, फोन चालू हाये. मी इथीच हाये.

कवा सोडली?… दोन वर्सं. हं. अन् हे… हे रविवारचं?… हां… हां… सुट्टीच्या दिशी दोस्त प्याले बोलवायचे… दुपारपासूनच… हां. बोल, ऐकून राह्यली मी… जाळ बारीक ठेवा लागते. मोठा झाला तं काटा वरतं जाते, कमी झाला तं धूर बंद होते. सोडून उठता येत नाही… अन् उतरवेपर्यंत अंधार पडते, मंग दोस्तबी बोलवत नाहीत… हां. समजलं. आमी आलो तवा बी तीच वेळ होती. म्हणून खाली बसवत नव्हतं.

आता बी इच्छा होते काय?… खरं सांग… होते.

महामायेले सांगतलं?… कवा?… पहिल्याच भेटीत? बुलढाण्याले, तिच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमंदी? अन् ती काय म्हणे?… विचार करतो म्हणे. मंग आठ दिसांनी तिनंच फोन केला, चालते म्हणून… मले काऊन नाही सांगतलं तिनं? मी माय हाये तिची… काय म्हणे ती? सांग, मले राग नाही येत…

माय ऐकून घेणार नाही म्हणे.

…हाव. नसतंच घेतलं. खरं हाये तिचं.

नाही, रडत नाही. चक्कीचं पीठ उडते इकडं… अन् रडली तं रडली. तिचा बाप, माणिकराव… तू नाही पाह्यला त्याले. मोठा गुणाचा माणूस होता तो, मी आजबी तसंच म्हणतो. पण तोंडाचा वास यायचा, पाय लटपटायचे, अन् मले म्हणे, बेबी, मी थेंबबी घेतला नाही. दवाखान्यात डॉक्टरले तेच. मराच्या आदल्या दिशी मले तेच. इतक्या वर्सांत एकदाबी हाव म्हटलं नाही त्यानं. त्यानं एकदा जरी हाव म्हटलं असतं ना, तं मी काहीतरी केलं असतं. काय केलं असतं ते माहीत नाही. पण केलं असतं.

तू हाव म्हटलं बाबा.

थांब, थांब. मी हो नाही म्हणून राह्यली… शीला, तू मांगून बोलू नको, ऐकू येते मले. पेढे-बिढे काही आणू नको. निरोप मी वापस घेतला नाही… सोयरीक मोडलीबी नाही, जुळलीबी नाही. तसंच राहू दे.

ऐक रे, प्रसेनजित. येत्या रविवारी मी येतो मेहकरले. दुपारच्या यष्टीनं. गच्चीवर एक खुर्ची ठेव मायासाठी… नाही, नाही, मासोई खाले नाही येत. खाईन बी, पण त्याच्यासाठी नाही येत. बसाले येतो. तू लाव तुई पेटी, मी बसतो बाजूले… काही नाही बोलणार. बसणार फक्त.

हाव, तुयावर ध्यान ठेवालेच. खोटं कायले बोलू?… अन् त्याच्या पुढच्या रविवारी बी येईन. अन् त्याच्याबी पुढच्या… किती रविवार?… माया मनातलं भेव जाईपर्यंत. तुले दोन वर्सं लागले, मले थोडे तं लागतीन.

चाल, माया दळणाचा नंबर आला. ठेव.