नावं जुळली म्हणून प्रेस सुरू केली

बंधूंनो, माय-बहिणींनो, जय भीम. गावोगावहून हातातलं काम टाकून आलात. हा माईक माझ्या हाती यायला नको होता. म्हाताऱ्याच्या शोकसभेत पुतण्यानं बोलावं, मी त्याच तयारीनं बसलो होतो. इथं उलटं झालं. मी मोठा बाप इथं उभा, आणि फोटोत सिद्धार्थ.

कालपासून लोक मला समजावतात, सुटला म्हणा, शांत झाला म्हणा. मी म्हणणार नाही. तो शांत मेला नाही. जिनिंगच्या, रुईच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसनं त्याला चिरडून मारलं. रुई पांढरी असते, दादांनो. त्या दिवशीची गाठ मी पाहिली, ती लाल होती. वरून चादर टाकली तर चादर लाल झाली.

मी आयुष्यभर शाळेतल्या कवितांवर जगलेला माणूस. अजून पहाटे जाग आली की मी पत्र्याच्या वर्गात असतो, बाहेर लिंबाचा पाला गळत असतो, आणि सारा वर्ग एका सुरात कविता म्हणत असतो. आता डोळे मिटले की सूर येत नाही. प्रेसचा दट्ट्या खाली येतो. हाडं फुटल्याचा आवाज येतो. तो मी ऐकलासुद्धा नाही. प्रेसवर काम करणाऱ्या या शेषरावनं ऐकला. त्यानं सांगितला, तेव्हापासून कानातून जात नाही.

पुष्कळांना वाटायचं, हा पोरगा घरात बसून कॉम्प्युटरवर करतो तरी काय? पुण्याच्या कंपनीचं काम करायचा. मशीन चालवणारा प्रोग्राम एकदा तयार होऊन बसलेला असतो. त्याच्या हाताखालच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, की जुना प्रोग्राम तिच्याशी जुळतो का, हे तपासायचं. मला कळेना. तेव्हा तो माझ्याच भाषेत बोलला. म्हणाला, "मोठेबाबा, तुम्हाले कविता पाठ हाय, तुम्ही पुस्तक उघडता का? हा बी उघडत नाही. नव्या पुस्तकात मधात एक ओळ घुसवली, तरी तो जुन्याच जागेवर बोट ठेवते, अन् भलतंच वाचते."

आपल्या जिनिंगची प्रेसही त्याच कंपनीच्या प्रोग्रामवर चालते. तिथं नेमकं हेच घडलं. नव्या आवृत्तीत मध्येच एक गोष्ट वाढवली होती. त्यामुळे प्रेसच्या पेटीचा दरवाजा बंद की उघडा, हे जिथं लिहिलेलं असायचं, तिथं आता तेलाचा दाब आला. कंपनीच्या तपासणीनं फक्त नावं पाहिली. जुन्यातली सगळी नावं नव्यात सापडली. स्क्रीन हिरवी. सिद्धार्थनं फोन केला, तर तिकडचा साहेब त्याच्या बोलीला हसला आणि टेन्शन घेऊ नका म्हणाला. माझ्यासमोरची गोष्ट आहे. पोरगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "नावं जुळले बे. जागा कोण पाहीन?"

मग त्यानं जिनिंगवर फोन केला, की माझी तपासणी होईपर्यंत प्रेस लावू नका. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. कोण ऐकतो? गाडी काढून तो स्वतः गेला. शेठच्या भाच्यानं सगळ्यांसमोर त्याची कॉलर धरली. थोबाडीत मारली. चष्मा खाली पडला, त्यावर पाय दिला. म्हणाला, तू आमची मशीन बंद पाडणारा कोण?

त्या वेळी शेषराव प्रेसच्या पेटीत उतरला होता, अडकलेली रुई ओढायला. मेन स्विच बंद न करता. त्याला नावं ठेवू नका. तिथं सगळेच तसे उतरतात. दरवाजा उघडा म्हणजे प्रेस मुकी, या भरवशावर त्यांची उमर गेली. भाच्यानं बटण दाबलं. प्रोग्रामनं जुन्या जागेवर बोट ठेवलं. तिथं तेलाचा दाब ठीक असल्याची खूण होती, त्यानं ती वाचली, दरवाजा बंद. दट्ट्या निघाला.

ओठातून रक्त गळत असताना पोरगा धावला, पेटीत उतरला. कमरेत हात घालून शेषरावला बाहेर फेकलं. शेषरावचा पंजा गेला. सिद्धार्थ सगळाच गेला.

आता ऐका, मी रडायला उभा नाही. बाजूच्या शेडमध्ये दुसरी प्रेस आहे. तोच जुना प्रोग्राम, तीच नवी आवृत्ती. ती उद्या सुरू होणार आहे. माझ्या भावजयीनं, सिद्धार्थच्या आईनं, सकाळी मला विचारलं, भाऊजी, ते पुन्हा माणसं उतरवून राह्यले का हो? याचा जबाब ज्यांच्याजवळ आहे ते हार घेऊन आले आहेत, पहिल्या रांगेत बसले आहेत.

शेठ, हार राहू द्या. एकतर जुनी आवृत्ती परत टाका, नाहीतर प्रोग्राम नव्या आवृत्तीवर पुन्हा तयार करून घ्या. मग पेटी रिकामी ठेवून, दरवाजा सताड उघडा ठेवून, सगळ्या मजुरांसमोर बटण दाबा. प्रेस हलली नाही, तरच माणूस उतरेल. तोवर नाही. बोला.

मान हलवून भागणार नाही.

बसून नाही, शेठ. उभे राहून सांगा. मागं बाया बसल्या आहेत, त्यांचेच नवरे उद्या कामावर जाणार आहेत. हा घ्या माईक.

ऐकलं सगळ्यांनी? प्रेस उद्या लागणार नाही. शेठ स्वतःच्या तोंडानं म्हणाले. तुम्ही सगळे साक्षीदार. शेषराव, तू ऐकलंस ना, बापा?

आता शेठ उभेच आहेत. बाकीचे उठा. सिद्धार्थसाठी.

जय भीम.